उंब्रजच्या अलीकडे पाच गाड्या एकमेकींत घुसल्या. चूक नक्की कुणाची धरतात?

अजिंक्यताऱ्याखाली (रवि., रात्री १०.१५)

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे लिहितोय.

गेल्या महिन्यात एका रविवारी पहाटे साताऱ्याहून कराडला निघालो होतो. मी गाडी चालवत होतो, आई मागच्या सीटवर. अतीत सोडल्यावर धुकं लागलं आणि काशीळच्या पुढे तर समोरचं काही दिसेना. पुढे एक पांढरी छोटी गाडी होती, तिचे लाल दिवे धरून मी चाललो होतो. स्पीड साठच्या आसपास, जास्त नाही.

एकदम तिचे ब्रेकलाइट लागले. मी करकचून ब्रेक मारला. त्यानंतर नुसते दणके. मागून भाजीचा पिकअप आला, त्याच्यावर खासगी ट्रॅव्हल्स. खाली उतरून बघतो तर पांढऱ्या गाडीच्या पुढे, डाव्या लेनमध्ये, उसाची जोड ट्रॉली उभी. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, लाल फडकंसुद्धा नाही. धुक्यात उसाची टोकं तेवढी दिसत होती. आईला बाहेर काढून आम्ही कडेला बसवतोय तोवर ट्रॅक्टरवाला ट्रॉल्या घेऊन निघूनही गेला. एका फोटोत ट्रॉली आलीये, पण तिला नंबरच नाही.

आईचं उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. पिकअपच्या क्लीनरचे दोन दात गेले. बाकी सगळे मुक्या मारावर सुटले.

गुन्हा फक्त बसच्या ड्रायव्हरवर नोंदवलाय. पांढऱ्या गाडीचा मालक रोज फोन करून माझ्याकडे ८५ हजार मागतोय. पिकअपवाला म्हणतो, तुम्ही अचानक ब्रेक मारला म्हणून मी घुसलो. माझं म्हणणं एवढंच आहे की मला मागून ढकललं म्हणून मी पुढच्याला लागलो. यात माझी चूक कशी?

चहाटपरी (रवि., रात्री १०.३२)

सोपं आहे. जो मागून ठोकतो त्याची चूक, आणि त्यातही जी गाडी मोठी तिची जास्त. म्हणजे बस. सुटला विषय.

स्टेअरिंग_३०_वर्षं (रवि., रात्री १०.५०)

टपरीवाले, असा सुटत नसतो विषय. तीस वर्षं ट्रक हाकलाय मी, मुंबई ते बेंगळुरू. कुठंबी काय झालं की पब्लिक आधी ट्रकवाल्याची कॉलर धरतंय. कारवाला उलट्या बाजूनं आला असला तरी.

अजिंक्यताराभाऊ, राग धरू नका, एक इचारतो. धुकं होतं म्हणता. समोरचं किती लांबचं दिसत होतं? खांब मोजून सांगा.

अजिंक्यताऱ्याखाली (रवि., रात्री ११.०५)

काका, दुभाजकावरची झाडं दिसत होती, तीन-चार पुढची. धरा पंचवीस-तीस मीटर.

स्टेअरिंग_३०_वर्षं (रवि., रात्री ११.२८)

मग हिशोब करू. साठचा स्पीड म्हंजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दिवा बघितला, पाय उचलला, ब्रेकवर ठेवला, यात दीड सेकंद जातोय. कितीबी तयार ड्रायव्हर असू द्या, एक सेकंद तर जातोच. म्हंजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी २५ मीटर पुढं. त्यात पहाटेचं दव पडलेलं, वर उसाच्या गाड्यांनी सांडलेली माती. अशा रस्त्यावर साठची गाडी थांबायला अजून २८-३० मीटर लागत्यात. बेरीज ५०-५५. आन दिसत होतं तीस.

चाळीसनं असता तर तीसात थांबला असता. ह्यो माझा हिशोब सगळ्यांना लागू हाय, पिकअपला, बसलाबी. बसला तर जास्तच, वजन बघा तिचं. पण तुम्हालाबी लागू हाय.

आन पुढच्या गाडीचे दिवे धरून चालणं, हे तर लई वाईट. दिवे दिसावेत म्हणून माणूस नकळत चिकटून चालतोय. आमच्यात त्याला शेपूट धरणं म्हणायचे. पुढचा खड्ड्यात गेला तर मागचाबी जातोय.

अजिंक्यताऱ्याखाली (रवि., रात्री ११.४०)

मान्य, काका. पण मागून ढकललं ते ढकललंच ना?

कोर्टकचेरी (सोम., सकाळी ८.१०)

साताऱ्यात मोटार अपघाताचे दावे चालवतो, त्यामुळे दोन शब्द.

सगळ्या प्रकरणाला एकच धडक समजू नका. पाच गाड्या म्हणजे निदान चार ठोकरी, आणि प्रत्येक ठोकरीत प्रश्न वेगळा: या ड्रायव्हरने शहाण्या माणसाने घ्यावी तेवढी काळजी घेतली होती का? ट्रॉलीवाल्याने अंधारात, दिव्याविना, महामार्गावर गाडी उभी केली. वाहन धोकादायक जागी उभं करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ मध्ये बसतं. पांढऱ्या गाडीने ब्रेक मारला तो समोर अडथळा होता म्हणून. विनाकारण मारला असता तर गोष्ट वेगळी. २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमांत दोन्ही गोष्टी आहेत: पुढच्याने गरज नसताना एकदम ब्रेक मारायचा नाही, आणि मागच्याने पुढचा अचानक थांबला तरी आपण थांबू शकू एवढं अंतर ठेवायचं.

"मागचा नेहमी चुकीचा" हे अर्धंच खरं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका प्रकरणात काय केलं बघा. हायवेवर कारवाल्याने खूण न करता एकदम गाडी थांबवली, कारण गरोदर बायकोला उलटीसारखं वाटलं. मागचा मोटरसायकलवाला कारला धडकून रस्त्यावर पडला आणि मागून आलेली बस त्याच्यावर गेली. पाय गेला पोराचा. न्यायालयाने कारला ५० टक्के, बसला ३० आणि मोटरसायकलवाल्याला २० टक्के जबाबदार धरलं. म्हणजे सगळ्यात पुढे होता त्याच्या गळ्यात सगळ्यात जास्त. आणि जखमी पोरालाही पूर्ण सुटका नाही, कारण त्याने अंतर ठेवलं नव्हतं.

गुन्हा बसवाल्यावर नोंदवलाय, तो बहुधा भारतीय न्याय संहितेच्या २८१ आणि १२५ खाली असेल. त्याने बाकीचे निर्दोष ठरत नाहीत. फिर्याद ही फक्त सुरुवात. फौजदारीत संशयापलीकडे पुरावा लागतो, ट्रिब्युनलमध्ये (जिथे अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात) शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात. आणि दोन्हीकडचे निष्कर्ष वेगवेगळे असू शकतात.

चहाटपरी (सोम., सकाळी ८.२५)

वकीलसाहेब, मग बसवाला गरीब सापडला म्हणून त्याच्यावर टाकलं असं म्हणायचं का?

कोर्टकचेरी (सोम., सकाळी ८.४०)

तो जागेवर थांबला होता म्हणून सापडला. ट्रॉलीवाला पळाला. यापलीकडे मी काही म्हणत नाही, माझं लायसन्स आहे अजून.

कोरेगावची_लेक (सोम., दुपारी १.५०)

आमच्या दादांचा अपघात २०१६ मधला. मोटरसायकल, पुढे टेम्पो, मागून डंपर. दोन विमा कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या आणि आम्ही तारखा घेत राहिलो.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाने दादांना अगदी गोड आवाजात विचारलं, "बाबा, तुमच्या आणि टेम्पोच्या मध्ये अंतर किती होतं हो?" दादा सरळ माणूस, म्हणाले, "असंल दहा-बारा फूट." वकील खाली बसला. आम्हाला कळलंच नाही त्याने पुढे काही का विचारलं नाही. निकालात कळलं. दादांची भरपाई चौथा हिस्सा कापून आली.

खोटं बोलायला सांगत नाहीये. पण अंदाजाने फूट सांगू नका. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा.

कोर्टकचेरी (सोम., दुपारी २.३०)

ताई, अगदी नेमकं सांगितलंत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं, ट्रकच्या मागे दहा-पंधरा फुटांवर कार. एवढ्या कमी अंतराने चालणाऱ्या कारचालकाचाच निष्काळजीपणा धरला गेला.

पाना_हातोडी (सोम., रात्री ९.०५)

सातारा एमआयडीसीत माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. वकील लोक कागद बघतात, आम्ही पत्रा बघतो. पत्रा खोटं बोलत नाही. अर्धवट बोलतो कधी कधी, पण खोटं नाही.

मधल्या गाडीचं भांडण कायम एकच असतं: आधी तू पुढच्याला लागलास की आधी तुला मागून ढकललं? ते असं बघायचं. करकचून ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं, दोन-तीन इंच तरी. अशा वेळी ती पुढच्याला लागली तर बंपर पुढच्याच्या बंपरखाली घुसतो आणि बोनेटचा पत्रा वर दुमडतो. उभ्या गाडीला मागून ढकललं तर नाक सपाट असतं, बंपरला बंपर समोरासमोर लागतो, मार एका रेषेत येतो. आता ब्रेकवर पाय असतानाच मागून मारलं तर दोन्हीचं मिश्रण होतं, तिथे आमचीही पंचाईत होते.

फोटो टाका. नुसता पुढचा भाग नको. बोनेट बाजूने, डिकी मागून, आणि गाडीखालचा रस्ता.

अजिंक्यताऱ्याखाली (सोम., रात्री ९.४०)

टाकले, सहा आहेत. चौथ्यात गाडीखालचा रस्ता दिसतोय.

पाना_हातोडी (सोम., रात्री १०.१०)

पाहिले. बोनेट तंबूसारखं मधोमध वर आलंय आणि पुढच्या गाडीच्या बंपरची कड तुमच्या ग्रिलच्या वरच्या पट्टीवर उमटलीये. म्हणजे पुढच्याला लागलात तेव्हा तुमचं नाक खाली होतं. ब्रेक जोरात लागलेला होता.

डिकीवर पिकअपच्या लोखंडी गार्डचे दोन उभे मार आहेत. तो मार एका रेषेत आहे, एकाच दणक्याचा वाटतो. पण बसने पिकअपला मारल्यावर पिकअप पुन्हा तुम्हाला लागला का, हे डिकीवरून कळेना. पिकअपचा पुढचा भाग बघायला मिळाला तर कळेल.

आता चौथा फोटो मोठा करून बघा. रस्त्यावर हिरवं पाणी दिसतंय, कूलंट आहे ते, तुमचा रेडिएटर फुटलाय. पण डबकं दोन ठिकाणी आहे. एक तुमच्या गाडीच्या नाकाखाली, आणि एक त्याच्या मागे, जिथे आता तुमचं मागचं चाक आहे. दोन्हींच्या मध्ये पातळ रेघ. रेडिएटर फुटायला नाक आपटावं लागतं. एकाच ढकलीत सगळं झालं असतं तर नुसती रेघ ओढली गेली असती आणि शेवटी एक डबकं. मागे डबकं साचलंय म्हणजे नाक आपटून गाडी तिथे क्षणभर थांबली होती. मग मागून ढकलली गेली.

एवढ्यावर शपथ घेणार नाही. रस्त्याला उतार असेल तर पाणी वाहतंही. पण मला विचाराल तर तुम्ही आधी लागलात.

अजिंक्यताऱ्याखाली (सोम., रात्री १०.२५)

असं नाहीये हो. मला चांगलं आठवतंय, मागून धक्का बसला आणि मग पुढे गेलो.

स्टेअरिंग_३०_वर्षं (सोम., रात्री १०.४०)

भाऊ, आठवणीचं काय सांगू तुम्हाला. खंबाटकीचा बोगदा सोडून खाली येताना ते एस वळण आहे ना, तिथं माझ्या गाडीला एकदा टँकर घासला. मी पोलिसाला छातीठोक सांगितलं, टँकर डावीकडनं आला. क्लीनर म्हणाला उजवीकडनं. बघितलं तर रंग उजव्या बाजूला लागलेला! दणका बसला की डोकं नंतर बसून गोष्ट जुळवतंय. आन जुळवतंय आपल्या सोयीची.

मिरजकर (मंगळ., सकाळी ७.२०)

नुसता वाचत होतो, पण राहवेना. आमच्याकडं सांगली-मिरज भागात सीझन लागला की संध्याकाळनंतर हीच भीती. जोड ट्रॉली, अंगद म्हणत्यात त्या ऊसगाड्या, मागं दिवा नाही, वर टेप रेकॉर्डर मोठ्यानं लावलेला, म्हणजे हॉर्नबी ऐकू जात नाही. रिफ्लेक्टरची पट्टी शंभर-दोनशेला मिळत्या. कारखान्याच्या यार्डात घेतानाच अडवलं तर पुढचं कितीतरी वाचंल. त्या ट्रॉलीवाल्याला सोडू नका लगा. बाकीचे सगळे नंतर.

कोर्टकचेरी (मंगळ., सकाळी ९.१५)

मिरजकर, भावना पोचल्या. ट्रॉलीचा शोध घ्यायला तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या. पहाटे त्या रस्त्याने कोणत्या यार्डात कुठल्या ट्रॉल्या आल्या याची वजनकाट्यावर नोंद असते. ऊस वजन केल्याशिवाय कुणी घेत नाही. त्या पावत्या मागवता येतात.

बाकी पुराव्यांचं: बस आणि पिकअपला लोकेशनचं यंत्र असेल तर त्यातला वेग लवकर मागवा, हा डेटा कायम राहत नाही. तासवड्याच्या टोलचे कॅमेरे, ढाब्यांचे कॅमेरे, यांचंही रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. तुमच्या गाडीच्या एअरबॅग उघडल्या असतील तर त्यांचा जुना कंट्रोल बॉक्स वर्कशॉपला फेकू देऊ नका. काही गाड्यांमध्ये धडकेआधीच्या शेवटच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेक त्यात साठतो.

पंचनाम्याचा नकाशा बघून घ्या. पण गाड्या शेवटी कुठे उभ्या राहिल्या एवढ्यावरून चूक ठरत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगून ठेवलंय. मागून ढकललेल्या गाड्या तर चूक नसलेल्या जागी जाऊन उभ्या राहतात.

आता महत्त्वाचं, आईंचं. त्या गाडीत नुसत्या बसलेल्या, त्यांची काहीच चूक नाही. अशा जखमीच्या बाबतीत दोन-तीन ड्रायव्हर मिळून चुकले असतील तर तो संयुक्त निष्काळजीपणा. त्यात जखमीला कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागता येते. कुणी किती टक्के हे त्यांनी आपापसात निस्तरावं. २०१५ च्या निकालापासून हे पक्कं आहे. तुमचं मात्र तसं नाही. तुमची चूक निघाली तर तेवढा हिस्सा तुमच्या स्वतःच्या भरपाईतून कापला जाणार, कोरेगावच्या दादांसारखा.

मुदतीचं विसरू नका. १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. आणि पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलला द्यायचा असतो. दिला का ते विचारा.

पांढऱ्या गाडीवाल्याला ८५ हजार देऊ नका, देतो असंही म्हणू नका. त्याला सांगा, माझ्या विमा कंपनीकडे लेखी मागणी कर. कंपनीला न विचारता चूक कबूल केली तर पॉलिसीची अट मोडते.

कोरेगावची_लेक (मंगळ., सकाळी ११.००)

एक विचारू का? तुम्ही आईंना विचारलंत का? मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला धक्के जास्त नीट आठवतात. आमच्या दादांच्या वेळी टेम्पोच्या हौद्यात बसलेल्या बाईने सांगितलेलंच खरं निघालं. ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर असतं, तिचं स्वतःच्या अंगावर होतं. किती दणके बसले आणि आधी कुठून, एवढंच विचारा. तुमचं म्हणणं आधी सांगू नका.

अजिंक्यताऱ्याखाली (बुध., रात्री ११.५०)

काल रात्री विचारलं. जेवायला बसली होती, डाव्या हाताने चमचा धरून.

मी म्हटलं, आई, त्या दिवशी धक्के किती बसले? म्हणाली, तीन. पहिला कसा? तिने चमचा खाली ठेवला आणि मोडका हात छातीशी धरून पुढे वाकून दाखवलं. "अशी पुढे गेले, तुझ्या सीटवर हात आपटला. तेव्हाच कट्टकन वाजलं. मी तुला म्हटलं, ठोकलीस का रे? तू काही बोलला नाहीस. मग पाठीत दणका बसला. मग अजून एक, लहान."

तिने मला विचारलं होतं. मला ते आजही आठवत नाहीये. पण "ठोकलीस का रे" एवढं बोलायला जो वेळ लागतो तेवढा वेळ मध्ये गेला होता, आणि त्या वेळात माझा रेडिएटर तिथे गळत होता. पाना_हातोडी बरोबर होते.

म्हणजे हात माझ्याच ठोकरीत मोडला. एवढे दिवस मी तिच्यासमोर बसवाल्याला शिव्या घालत होतो आणि ती ऐकत होती. तू बोलली का नाहीस विचारलं तर म्हणाली, तू विचारलं नाहीस.

स्टेअरिंग_३०_वर्षं (गुरु., सकाळी ६.१०)

माणूस हाय. होतं. ट्रॉली नसती तर काहीच झालं नसतं हेबी तेवढंच खरं. धुक्यात चाळीस, ध्यानात ठेवा.

कोर्टकचेरी (गुरु., सकाळी ८.३०)

असं उघड लिहायला नको होतंत. पण लिहिलंत, आता खरं तेच पुढे न्यायचं. आईंना साक्षीत दुसरं काही बोलायला सांगू नका. त्यांना जमायचंही नाही असं दिसतंय.

दाव्याची मांडणी मात्र बदलते. पहिल्या ठोकरीला कारण तुम्ही आणि ती ट्रॉली. बस आणि पिकअप त्यानंतरचे, मनगटाची जबाबदारी त्यांच्यावर टाकणं अवघड. म्हणजे आई अर्जदार, आणि सामनेवाला क्रमांक एक गाडीमालक म्हणून तुम्ही, दोन तुमची विमा कंपनी. ट्रॉली सापडली तर तिचा मालकही घेऊ, नाही सापडली तरी आईंचं अडत नाही. अट एकच, तुमची पॉलिसी पॅकेज हवी. नुसती थर्ड पार्टी असेल तर खासगी गाडीत बसलेली माणसं तिच्यात येत नाहीत. पॉलिसी काढून बघा.

अजिंक्यताऱ्याखाली (गुरु., रात्री ९.२०)

पॅकेज आहे, बघितली. आईला सांगितलं, तुला माझ्यावर दावा लावावा लागेल. आधी म्हणाली लोक काय म्हणतील. मग पैसे मी नाही, कंपनी देणार हे कळल्यावर म्हणाली, मग लावू की.

फक्त तिला उजव्या हाताने सही जमत नाहीये अजून. वकीलपत्रावर अंगठा चालतो का?

कोर्टकचेरी (गुरु., रात्री ९.३५)

चालतो. सोमवारी अकराला या, त्यांनाही घेऊन. पॉलिसी, दवाखान्याचे कागद, एक्स-रे, आणि फोटो ज्या मोबाइलमध्ये काढलेत तो मोबाइल. फोटो डिलीट करू नका, चौथा तर अजिबात नको.